कायद्याचे विद्यार्थी आणि सरकारी सेवा

कायदा शिकणाऱ्या अनेकांना न्यायाधीश व्हायचं असतं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. महाराष्ट्रात या पदाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवडही तोच करतो. मला मात्र मोलाची वाटते ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना तिथे मोफत वकील मिळतो. साधा अर्जही लिहिता न येणारी एखादी बाई समोर येऊन बसते, तेव्हा पुस्तकातलं कलम नीट उमगतं. विद्यार्थ्यांनाही तिथे विधी स्वयंसेवक होता येतं. तेव्हा सुट्टीत आपल्या जिल्हा न्यायालयात जा आणि प्राधिकरणाकडे चौकशी कराच.