जरा वाचून दाखव रे



सोयाबीन काढणीचे दिवस आले की मळणीयंत्रात कुणाचा तरी हात गेल्याची बातमी आपल्या वाशीमकडे अधूनमधून कानावर येते. पहिले काही दिवस माणसे भेटायला येतात, चहा घेतात, हळहळतात. मग हरभऱ्याची पेरणी निघते आणि खाटेवरचा तो गडी एकटा उरतो. "आता माह्यानं काय होते?" असे भिंतीकडे पाहून म्हणतो. आज माझे बोलणे त्याच्याशी आहे, आणि त्याच्या पोराच्या गुरुजींशीही.

आपल्या कारंज्यापलीकडे अमरावती जिल्हा लागतो. तिथे लोणी टाकळीला १८८१ साली एक मूल जन्मले. नवव्या महिन्यात त्याची दृष्टी गेली. चार वर्षांचे असताना आई गेली. वडिलांचे गाव माधान, घर शेतकऱ्याचे. हेच पुढे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. १९१५ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला तेव्हा वय होते अवघे चौतीस, आणि मागे राहिले शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ.

अवतारी पुरुष, असे म्हणून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. मला मात्र तिथे थांबून विचारावेसे वाटते की हे ग्रंथ झाले कसे? कुणीतरी वाचत गेले, महाराज ऐकत गेले. मग ते सांगत गेले आणि कुणीतरी उतरवून घेत गेले. वेदान्त तर होताच. पण डार्विन आणि स्पेन्सर या इंग्रज पंडितांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. माधानच्या अंध माणसापर्यंत ती मते पोचली, ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती, ती तुम्हाआम्हाला कुठून मिळणार? पण "जरा वाचून दाखव रे" म्हणायला ती लागत नाही. नुसता संकोच सोडावा लागतो.

आणि तोच सुटत नाही, मंडळी. मी जन्मभर मास्तरकी केली. साखरेच्या आजाराने नजर मंदावली, तरी वर्षभर रोज सकाळी ओट्यावर पेपर उघडून वाचल्याचे सोंग केले. एके दिवशी नात आली, माझ्या हातातला पेपर काढून घेतला, सुलटा केला आणि परत दिला. बोलली काहीच नाही. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा म्हटले, "बाई, तूच वाच."

तेव्हा दादा, डाव्या हाताने सही गिरवायची असेल तर पोराची पाटी खुशाल मागून घ्या. चार दिवस पोर हसेल, मग शिकवील. आणि गुरुजी, २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ज्याला हाताने लिहिता येत नाही वा डोळ्यांना दिसत नाही, त्याला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळू शकतो. मात्र प्रमाणपत्र आणि अर्ज आधी हवा. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. त्या बापाला हे ठाऊक नसते. त्याच्या घरी जाऊन सांगावे लागते.

आमच्याकडे आता रोज वाचन चालते. सोयाबीनचे भाव नात खणखणीत वाचते. अग्रलेख मात्र अर्ध्यावरच संपवते, हे मला कळते. मी काही म्हणत नाही. बदल्यात तिचे पाढे मी तोंडी घेतो. एकोणतीसच्या पाढ्याला ती अजून अडते.