आकडा दगडावर, नाव घरात



पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कित्येक गावांतून चावडीच्या भिंतीत, देवळाच्या आवारात किंवा शाळेच्या दारापाशी बसविलेली एक लहानशी पाटी आजही पाहावयास मिळते. तिच्यावरचा मजकूर बहुधा एकाच साच्यातला असतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तीवर कोरलेले असते. दोन आकडे आणि दोन सने. कोण गेले, कोणाचे गेले, कोठे पडले, यांपैकी काहीही त्या दगडाला ठाऊक नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि पुढे त्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. एका खेड्यातील ४६ चुलींपाशी त्या वर्षांत काय घडले असेल, याचा विचार मात्र पाटी बसविणाऱ्याने केला नव्हता. ती पाटी घरच्यांसाठी नव्हतीच. सरकारने सरकारला दिलेली ती पावती होती.

राज्यसंस्था मेलेल्यांची आठवण कशी ठेवते आणि कुटुंब कशी ठेवते, यांत जो मूलभूत भेद आहे तो येथेच लक्षात येतो. राज्यसंस्थेला आकडा पुरतो. कुटुंबाला नाव लागते आणि दिवस लागतो. आपल्याकडील स्मरणाची सारी व्यवस्था या दोन गोष्टींवर उभी आहे. श्राद्धाला बसलेला मुलगा बापाचे, आजाचे, पणजाचे नाव उच्चारतो; नाव न घेता पिंड पडत नाही. शस्त्राने मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. मृत्यूची तिथीच कळली नाही तर सर्वपित्री अमावास्या आहे. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देण्याचा विधी शास्त्राने सांगितला आहे. ज्या घराण्यांत ब्राह्मण येत नव्हता किंवा ज्यांना तो बोलावणे परवडत नव्हते, त्यांनीही आपापली रीत शोधली. लढाईत पडलेल्या पूर्वजाचा टाक देव्हाऱ्यात बसला. नाशिकला धुळवडीच्या दिवशी असे वीरांचे टाक वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालण्याची प्रथा आहे. मुसलमान घरांतून फातिहा पढला जातो, ख्रिस्ती घरांतून २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना होते. धर्म कोणताही असो, विस्मृतीविरुद्ध सामान्य माणसाने घातलेला हा बांध आहे, आणि त्याचा प्रत्येक दगड म्हणजे एक नाव आहे.

आता ज्यांच्यावर ही पाळी आली ते लोक कोण होते? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार मृत्यू पावली. त्यांत दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतकऱ्याचा धाकटा मुलगा होता. एका पावसावर आणि चार भावांत वाटलेल्या जमिनीवर ज्याचे पोट भरत नव्हते, त्याला पलटणीचा पगार हाच एक आधार होता. बादशहावरील प्रेमाने तो गेला, असे म्हणणे ही त्याची थट्टा ठरेल. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर उतरलेल्या सहाव्या तुकडीचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि उपासमारीने हतबल होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे तेरा हजार ब्रिटिश व हिंदी सैनिक तुर्कांच्या कैदेत पडले. त्यानंतरच्या वाळवंटातील पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले. त्यांची तिथी कोण ठेवणार होते?

सैन्यभरतीसाठी ज्यांना एरवी दार बंद होते, त्यांनाही युद्धाची निकड वाढताच बोलावणे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबविण्यात आली होती. १९१७ मध्ये त्यांची १११ वी पलटण उभारण्यात आली आणि युद्ध संपून दोन-तीन वर्षे लोटतात न लोटतात तोच ती मोडण्यातही आली. मरणाच्या आकड्यात सर्व जाती एक झाल्या; गावच्या पाणवठ्यावर मात्र त्या वेगळ्याच राहिल्या. हेही त्या पाटीवर लिहिलेले नाही.

या सैनिकांची घरी आलेली पत्रेसुद्धा प्रथम सरकारने वाचली. फ्रान्समधील हिंदी सैनिकांच्या टपालावर तपासणी अधिकारी नेमलेले होते. ते निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांकडे पाठवीत. आज त्या भाषांतरांचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतेक घरांतून वाळवीने आणि पावसाने नेली. मुलाने आईला लिहिलेला शब्द तिच्या मातृभाषेत उरला नाही, राज्यकर्त्याच्या भाषेत तेवढा उरला.

युद्धात पडलेल्यांची स्मारके राखण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने, ज्याला आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात, एक उदात्त तत्त्व स्वीकारले होते. हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, असे ते तत्त्व. युरोपच्या भूमीवर ते बऱ्याच अंशी पाळले गेले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या स्मारकावर, ज्यांची समाधी सापडत नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. परंतु १९२९ मध्ये बसरा येथे उघडण्यात आलेल्या स्मारकाची कथा निराळी आहे. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या व समाधी अज्ञात असलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक. तेथे ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा एवढ्यावरच काम भागविण्यात आले. नव्ह शापेलची भिंत गोऱ्या प्रवाशांच्या दृष्टीस पडणार होती, बसऱ्याची पडणार नव्हती. फरकाचे दुसरे कारण शोधण्याची फारशी गरज नाही.

हा अन्याय जगाने अधिकृतपणे मान्य करावयास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. आयोगानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. आशिया व आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या तुलनेत असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावाने नोंद तरी झाली नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांत पूर्व आफ्रिकेतील व इजिप्तमधील हमालांची संख्या मोठी आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी २२ एप्रिल २०२१ रोजी पार्लमेंटात त्याबद्दल क्षमा मागितली. या भेदामागील वसाहतवादी विचारसरणीही अहवालाने उघड केली आहे. या लोकांना समाधीचे किंवा कोरलेल्या नावाचे महत्त्व कळत नाही, असे त्या काळच्या अधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. ज्या समाजात नाव घेतल्यावाचून पाण्याची ओंजळ सुटत नाही, त्या समाजाविषयी हे लिहिले गेले!

मुंबईच्या कामगारांना जवळचे असे आणखी एक उदाहरण आहे. मशीद बंदरच्या परिसरातील भारतीय खलाशी गृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. आगबोटीच्या पोटात कोळसा ओढणारे, डेकवर राबणारे, भटारखान्यात खपणारे हे लोक. रत्नागिरीच्या खाडीकाठचे मुसलमान आणि गोव्याचे ख्रिस्ती या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, पण पाणसुरुंगाने बोट फुटली तेव्हा तळाशी असलेल्यांना बाहेर पडण्यास सर्वांत कमी वेळ मिळाला. सैनिकांच्या गौरवगीतांत त्यांना स्थान नाही. बंदरावर रोज जाणाऱ्या-येणाऱ्या किती लोकांना ते स्मारक ठाऊक आहे?

परकी सत्तेच्या पदरी सर्व दोष टाकून मोकळे होता येणार नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर १९३१ पासून तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. ती साम्राज्याच्या सैनिकांची. स्वातंत्र्यानंतर प्राण दिलेल्यांची नावे राष्ट्रीय स्मारकावर येण्यास फेब्रुवारी २०१९ उजाडावे लागले. त्या वेळी तेथे २५,९४२ नावे कोरण्यात आली. म्हणजे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात मुलगा गमावलेल्या आईने सत्तर वर्षे वाट पाहिली असती, तरच तिला ते नाव दिसले असते. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ जणांच्या कुटुंबांचे दुःख तर याहून अवघड आहे. ते पाकिस्तानच्या तुरुंगांत असावेत, या आशेवर त्यांच्या नातेवाइकांनी दशके काढली. २००७ मध्ये त्यांतले काही जण तेथील तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. कुंकू पुसावे की ठेवावे, हे ज्या स्त्रीला कोणी सांगू शकत नाही, तिच्यासाठी अजून कोणती पाटी तयार झालेली नाही.

विधवेच्या बाबतीत राज्यसंस्थेची दृष्टी किती जुनी होती याचा एक दाखला पुरेसा आहे. शौर्यपदक मिळालेल्या मृत सैनिकाच्या पत्नीने पुनर्विवाह केल्यास तिचा पदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी तिने दिराशीच लग्न केलेले असले पाहिजे, अशी अट होती. ती २०१७ मध्ये रद्द झाली. पतीचे बलिदान देशासाठी. पण पत्नी मात्र घराण्याची मालमत्ता!

येथे एक आक्षेप येईल, आणि पुरोगामी चळवळीतूनच येईल. ही युद्धे साम्राज्याची होती. त्या सैनिकांच्या मोबदल्यात स्वराज्य मिळेल या आशेने १९१८ मध्ये गांधीजींनी खेडा जिल्ह्यात भरतीची मोहीमही चालविली. प्रत्यक्षात पदरी पडला तो १९१९ चा रौलेट कायदा आणि त्याच वर्षीचे जालियनवाला बाग. मग अशा युद्धात मेलेल्यांचे स्मरण करणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे नव्हे काय?

आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. युद्धाचा गौरव आकड्याने होतो, नावाने होत नाही. आकडा मोठा झाला की पराक्रम मोठा झाला, असे व्याख्यानात सांगता येते. आकड्याला आई नसते, कर्ज नसते, मागे राहिलेले तान्हे मूल नसते. नाव उच्चारले की लगेच प्रश्न उभे राहतात. हा का गेला? घरी किती जमीन होती? सावकाराचे किती देणे होते? त्याची बायको पुढे कशावर जगली? म्हणूनच सत्ताधाऱ्यांना अज्ञात सैनिक सोयीचा वाटतो आणि ज्ञात सैनिक अडचणीचा. कुटुंबाचे स्मरण हे युद्धखोरीचे साधन नाही. ज्या घराने एक माणूस गमावला आहे, त्या घराइतके युद्धाचे खरे मोल कोणालाच ठाऊक नसते. चळवळीने या घरांकडे पाठ फिरविली, तर त्यांच्या दुःखाचे भांडवल करण्यास दुसरे लोक तयारच असतात, आणि ते आले की दुःखाची घोषणा होण्यास वेळ लागत नाही.

तेव्हा करावयाचे काय? पंजाबात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या युद्धात गेलेल्या तेथील सुमारे ३ लाख २० हजार लोकांच्या गाववार नोंदींच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर सर्वांना पाहता येऊ लागल्या, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या व परदेशांतल्या नातवंडा-पतवंडांना आपला माणूस सापडू लागला. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीही आज खुल्या आहेत. त्यांतून अनेकदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि पलटण मिळते.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गावच्या पाटीवरील आकडा घ्यावा आणि त्या आकड्याइतकी नावे शोधावीत. काही आयोगाच्या नोंदींत मिळतील, काही जुन्या पेन्शनच्या कागदांत, काही एखाद्या घरच्या देव्हाऱ्यात. म्हाताऱ्या माणसांना विचारण्यास उशीर होत आहे. ज्यांनी ते सैनिक पाहिले ते गेले, ज्यांनी त्यांच्याविषयी ऐकले तेही जात आहेत. महारवाड्यातील नाव सुटू नये, खलाशाचे सुटू नये, हमालाचे सुटू नये, आणि मागे राहिलेल्या बायकांची नावेही त्याच वहीत यावीत. यादी पुरी झाली की ती ग्रामसभेत वाचावी. टाळ्या नकोत, बँड नको. प्रत्येक नावाला त्या घरातील कोणीतरी उभे राहावे, आणि ज्या नावाला घरच उरले नाही त्याच्यासाठी सगळ्या गावाने उभे राहावे.