भाषा हरपलेल्यांसोबत साधनांची रचना

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांमध्ये हातापायांच्या दुर्बलतेबरोबर भाषेचीही हानी होते आणि या हानीला वैद्यकाच्या परिभाषेत वाचाघात म्हणतात. वर्धा जिल्ह्यात ‘लकवा मारला अन् वाचा गेली’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात दोन निराळे दोष एकत्र झालेले असतात. जीभ, ओठ व स्वरयंत्र यांच्या स्नायूंवरचा ताबा सुटल्याने उच्चार अस्पष्ट होणे हा वाणीचा दोष होय. शब्द आठवणे, त्यांची वाक्यात जुळणी करणे, ऐकलेल्याचा अर्थ लावणे, लिहिणे आणि वाचणे यांपैकी काही किंवा सर्वच क्षमता क्षीण होणे हा भाषेचा दोष होय. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले, त्याला बोललेले बरेच कळत असे, परंतु त्याच्या तोंडून ‘टॅन’ या एका अक्षरसमूहापलीकडे फारसे काही निघत नसे. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णिलेल्या रुग्णांचे बोलणे मात्र अस्खलित असे, पण त्यातून अर्थ हाती लागत नसे आणि समोरच्याचे बोलणेही त्यांना नीट उमगत नसे.

साधनांची रचना करणाऱ्याला हा भेद पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावा लागतो. मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) आहे आणि त्यांचे उच्चार अनोळखी माणसाला सहज कळत नाहीत. तरीही एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या बाबतीत अडथळा वाणीचा आहे, भाषा शाबूत आहे, म्हणून टंकलेल्या मजकुराचा आवाज करणारे यंत्र तो अडथळा बऱ्याच अंशी ओलांडू शकते. वाचाघातात कळफलक हीच अडचण होऊन बसते, कारण जो शब्द ओठांवर येत नाही तो बोटांवरही बहुधा येत नाही. बोलता येत नसेल तर लिहून दाखवावे, हा सल्ला आप्तांकडून आणि क्वचित डॉक्टरांकडूनही वाचाघाताच्या रुग्णाला मिळतो, तेव्हा तो लंगड्याला पळत येण्यास सांगण्यासारखा असतो.

संवादाला हातभार लावणाऱ्या चित्रफलकांपासून मोबाइलमधील ॲपपर्यंतच्या साऱ्या गोष्टींना पूरक व पर्यायी संवादसाधने असे नाव आहे. ज्याच्यासाठी साधन, त्याला रचनेत सामील करून घ्यावे, हे तत्त्व आता अभियांत्रिकीच्या वर्गातही शिकवले जाते आणि अपंगांच्या चळवळीने ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नको’ या घोषणेतून ते जगभर पोहोचवले. परंतु घोषणा देण्यासाठीही भाषा लागते, आणि सहभागी रचना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची जवळजवळ सारी हत्यारे भाषेचीच बनलेली आहेत. मुलाखत, प्रश्नावली, गटचर्चा, संमतिपत्र, आणि साधन वापरताना मनात येणारे मोठ्याने बोलून दाखवण्याची चाचणी, यांतील एकही गोष्ट वाचाघात झालेल्या माणसाला सरळ पेलवत नाही. परिणामी ज्या गटाला अशा साधनाची सर्वाधिक गरज आहे, तोच गट बैठकीत मूक राहतो आणि त्याचे मौन संमती म्हणून नोंदवले जाते. प्रस्तुत भाषणाचा रोख या एका गोष्टीवर आहे.

यावर सुचणारा सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रतिनिधी नेमणे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एका चमूने २००६ मध्ये वाचाघाताच्या रुग्णांसाठी संगणक व हातातील यंत्र यांची जोडी तयार करताना रुग्णांच्या वतीने वाचा-उपचारतज्ज्ञांशी सल्लामसलत केली आणि आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ती प्रतिनिधींच्या द्वारे केलेली रचना असल्याचे उघडपणे नमूद केले. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. एरवी प्रतिनिधीचे मत रुग्णाचे मत म्हणून खपून जाते. उपचारतज्ज्ञाला अनेक रुग्णांचा अनुभव असतो, म्हणून त्याचा सल्ला मोलाचा ठरतो हे मान्यच केले पाहिजे, पण त्याची नजर सरावाकडे आणि सुधारणेकडे असते, तर रुग्णाला कदाचित नातवाच्या मार्कांवरून चेष्टा करायची असते. घरच्या माणसांचे प्रतिनिधित्व याहून नाजूक असते, कारण ज्याच्या हातून घराचा कारभार नुकताच निसटला आहे, त्याच्या वतीने बहुधा तो कारभार हाती आलेलाच माणूस बोलत असतो. शेत ठेक्याने द्यावे की नाही या प्रश्नावर बापाचे आणि मुलाचे मत एकच असेल, असे गृहीत धरायला कोणताही आधार नाही.

दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण तो चालून झालेला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये चित्र आणि ध्वनी यांच्या आधारे चालणारी दैनंदिनी थेट वाचाघाताच्या व्यक्तींबरोबर बसून रचली. लंडनच्या सिटी विद्यापीठात ‘ईव्हीए पार्क’ नावाचे संगणकावरील एक काल्पनिक बेट तयार झाले, ज्यावर वाचाघाताच्या व्यक्ती घरबसल्या एकमेकांना भेटून संभाषणाचा सराव करू शकतात. त्याच्या रचनेसाठी वाचाघात झालेल्या पाच व्यक्तींना सल्लागार म्हणून कामावर घेतले गेले. याच विद्यापीठातील मंडळींनी शब्दांऐवजी वस्तू हाताळून मत मांडण्याची रीत विकसित केली. पर्याय कागदावर लिहून विचारण्याऐवजी हातात घेता येतील असे कच्चे नमुने टेबलावर मांडायचे, नको असलेला नमुना बाजूला सारू द्यायचा, आवडलेला पुन्हा उचलू द्यायचा आणि या सगळ्याचे चित्रण नंतर बारकाईने पाहायचे, असे तिचे साधारण स्वरूप आहे. टोरांटोच्या ऑरा केगन यांनी मांडलेली आधारयुक्त संभाषणाची पद्धतही येथे उपयोगी पडते. वाचाघाताच्या माणसाची समज भाषेच्या पडद्याआड झाकली गेलेली असते, म्हणून बोलणाऱ्याने कळीचे शब्द ठळक अक्षरांत लिहावेत, हावभाव करावेत, चित्र काढावे आणि आपल्याला जे कळले ते पुन्हा विचारून पडताळावे, अशी तिची मांडणी आहे. पडताळणीचा हा शेवटचा भाग कोणीही गाळू नये, कारण वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल वारंवार होते आणि मान डोलावणेही विश्वासार्ह राहत नाही. एकाच प्रश्नाला उलट्या बाजूने पुन्हा हात घातल्याशिवाय मिळालेला होकार हा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

हाताने शिकावे आणि हाताने सांगावे हा विचार वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले आणि पुढे ती योजना नई तालीम या नावाने देशभर गेली. त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. खेड्यातील घरात हाताने वा पायाने चालावा, स्त्रीला फारसे श्रम न होता सलग आठ तास वापरता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, अशा त्याच्या अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, तरी त्या अटींची नोंद रचनाशास्त्राच्या इतिहासात व्हायला हवी, कारण त्यांचे माप यंत्राच्या बढाईवरून घेतलेले नसून कातणारणीच्या अंगावरून आणि खिशावरून घेतलेले आहे. अटी ठरवणाऱ्यांनी कातणारणींना कितपत विचारले होते, हा प्रश्न मात्र तेथेही उरतोच.

मराठीतील साधनांचा विचार करू लागले की परदेशी नमुन्यांची उसनवारी फार लवकर संपते. चित्रावर बोट ठेवताच ‘मी थकलो’ असे वाक्य ऐकवणारे बटण स्त्रीच्या काय कामाचे? ते ‘मी थकले’ असे हवे, आणि वर्ध्याच्या अनेक घरांत ते ‘मी थकली’ असे हवे. ‘पाणी दे’ हे सुनेला चालेल, परिचारिकेला ‘पाणी द्या’ म्हणावे लागेल, आणि ज्याने आयुष्यभर हा फरक पाळला त्याच्या तोंडी यंत्राने सर्वांसाठी एकच रूप घातले, तर त्याला ते यंत्र उद्धट तरी वाटेल किंवा परके तरी. ज्याच्या घरात ‘मले पानी पायजे’ असे बोलले जाते, त्याची आकलनशक्ती आधीच अधू झालेली असताना यंत्राने त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलणे म्हणजे त्याच्यावर आणखी एका भाषेचा बोजा टाकणे होय. शिवाय या भागातला माणूस बाजारात, कचेरीत आणि रेल्वेत हिंदी सहज वापरतो, आणि मेंदूच्या इजेनंतर दोन्ही भाषा सारख्याच प्रमाणात परत येतील असा नियम नाही. कोणती आधी परतेल याविषयी गेल्या शतकाच्या आधीपासून वेगवेगळे सिद्धांत मांडले गेले आहेत आणि कोणताही एक सर्वांना लागू पडलेला नाही. तेव्हा साधनाची भाषा दुकानात ठरवून येऊ शकत नाही. ती त्या माणसासोबत, त्याच्या घरात ठरवावी लागते.

महाराष्ट्रात या दिशेने झालेले एक महत्त्वाचे काम म्हणजे आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्रा. रवी पूवय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य ॲप. चित्रांच्या गटांशेजारी आवड, इच्छा, आणखी आणि त्यांची विरुद्ध रूपे दर्शवणारी बटणे ठेवल्यामुळे एकाच चित्रावरून अनेक भाव व्यक्त करता येतात, ही त्याची खुबी आहे, आणि ते इंग्रजीपुरते न राहता भारतीय भाषांत आणले गेले हे विशेष. परंतु त्याचा जन्म मुख्यतः मेंदूचा पक्षाघात किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या गरजेतून झाला. भाषा शिकत असलेले मूल आणि भाषा हरवलेला प्रौढ यांच्यात मोठे अंतर आहे. हिंगणघाटच्या बाजारात वर्षानुवर्षे कापूस विकलेल्या शेतकऱ्यापुढे खेळणी आणि बडबडगीतांची चित्रे ठेवली, तर त्याने ते साधन दूर सारणे हे त्याच्या शाबूत बुद्धीचेच लक्षण मानावे लागेल. त्याला भाव, तोल, कर्जाचा हप्ता, सातबारा, विहिरीचे पाणी, व्याह्यांचे येणेजाणे आणि शेजाऱ्याशी असलेला बांधाचा तंटा यांची चित्रे लागतील, आणि ती कोणती हे तोच दाखवू शकेल. शिवीचे बटण ठेवावे की नाही, यावर रचनाकारांच्या बैठकीत संकोच होतो. तो सोडलेला बरा.

शिवीचा उल्लेख गमतीखातर केलेला नाही. वाचाघातातही अंक मोजणे, प्रार्थना, पाठ असलेली गाणी आणि शिव्या पुष्कळदा टिकून राहतात, कारण अशी घोटलेली शब्दावली नव्याने वाक्य रचण्याच्या क्रियेहून निराळ्या मार्गाने चालते. ज्याला स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही, तो तुकडोजी महाराजांचे भजन खंजिरीच्या तालावर अखंड म्हणू शकतो, आणि मग घरच्यांना वाटते की तो बोलायचे ढोंगाने टाळतो आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात याच निरीक्षणातून सुरावर शब्द बसवून बोलणे शिकवण्याची उपचारपद्धती निघाली. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांची वाचा १९९० मधील झटक्याने हिरावली गेली, तरी ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डाव्या हाताचा मुद्दा अभियंत्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे केंद्र डाव्या अर्धगोलात असते आणि तोच अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करतो, त्यामुळे वाचाघाताबरोबर उजवा हात लुळा पडणे आणि कधी दृष्टिक्षेत्राची उजवी बाजू नाहीशी होणे हे ओघानेच येते. उजव्या कडेला ठेवलेले ‘पुढे’ हे बटण अशा माणसापुरते अस्तित्वातच नसते. शिवाय घरातला एकुलता स्मार्टफोन दिवसभर मुलाबरोबर बाहेर असेल, तर उत्तम ॲपही संध्याकाळपर्यंत मुके राहते. म्हणून लॅमिनेट केलेली, उशाशी राहणारी चित्रवही हीसुद्धा तंत्रज्ञानच आहे, हे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांना पटवून द्यावे लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत वाणी व भाषा यांच्या अपंगत्वाचा समावेश आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु साधनवाटपाच्या शिबिराचे चित्र डोळ्यांपुढे आणले की तीनचाकी, कुबड्या आणि श्रवणयंत्रे दिसतात, कारण ती मोजता येतात, छायाचित्रात येतात आणि दिल्याबरोबर काम संपते. संवादाचे साधन दिल्यावर काम सुरू होते. वर्ध्याच्या ज्या परिसरात ही परिषद भरली आहे, तेथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून उभे आहे, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात आसपासच्या खेड्यांतून रुग्ण येत असतात आणि सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालयही फार दूर नाही. रुग्ण, उपचारतज्ज्ञ आणि विद्यार्थी इतक्या जवळ असण्याचा योग मोठ्या शहरांतही सहसा जुळत नाही.

अशा ठिकाणी हाती घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात वाचाघाताच्या किमान दोघातिघांना पहिल्या आराखड्यापासून स्थान असावे, त्यांच्या बैठका छोट्या व सकाळी ठेवाव्यात, कारण थकवा भाषेला सर्वांत आधी गाठतो, आणि त्यांच्या वेळेचे मानधन, गावाहून येण्याजाण्याच्या खर्चासह, विद्यार्थ्यांच्या प्रवासभत्त्याच्या आधी अंदाजपत्रकात लिहिले जावे. अहवालावर त्यांची इच्छा असल्यास त्यांचेही नाव असावे. चाचणीसाठी दिलेले साधन त्यांनी तीन महिन्यांनी न वापरता परत केले, तर त्याची नोंद अपयश म्हणून न करता, ते कुठे अडले हे पाहण्यासाठी रचनाकाराने त्या घरी जाऊन बसावे, आणि तेवढ्या भेटींसाठीचा निधी अनुदान मागतानाच मागून ठेवावा.