डिझेल मोजा, मगच लांबची खेप धरा

(भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. कृषी)



मनोरी-गोराईकडे काही घरांत वाडीही आहे आणि होडीही. वाडीतल्या पंपाला तासाला किती डिझेल लागतं, हे घरातला पोरगाही सांगतो. पण बोटीचं विचारलं तर उत्तर येतं, "टाकी भरली की खेप होते." पंप मध्येच थांबला तर वाफा कोरडा राहील. किनाऱ्यापासून साठ मैलांवर इंजिन थांबलं, तर सगळे खलाशी वाऱ्याच्या हवाली होतात. म्हणून लांबच्या खेपेपूर्वी बोटीचा डिझेलचा खर्च घरच्या साधनांनी कसा मोजावा, याची माहिती आज आपण घेऊ.

डिझेल इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटरपर्यंत डिझेल लागतं. म्हणजे १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला २० ते २५ लिटर. पण हा झाला ठोकताळा. तुमचं इंजिन किती जुनं, पंखा कसा, बोट किती भरलेली, यावर खरा आकडा ठरतो. तो मोजूनच काढावा लागतो.

केव्हा मोजावे?

पावसाळ्यात ओढून ठेवलेली बोट खरवडून, रंगवून, इंजिनाची डागडुजी करून पाण्यात उतरली, की पहिल्या लांब खेपेआधी हे काम करावं. बर्फ, पाणी, जाळी यांचा भार नेहमीएवढाच असावा. रिकाम्या बोटीचा आकडा फसवा असतो. मोजणी खाडीत करू नये. उथळ पाण्यात बोट जड चालते आणि डिझेल जास्त जातं. वेसाव्याच्या किंवा मनोरीच्या खाडीतून बाहेर पडून, पुरेसं खोल पाणी लागल्यावर सुरुवात करावी. दिवस शांत निवडावा.

कसे मोजावे?

१. अरुंद तोंडाचा २० लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. तो मापाने भरून गळ्याशी खूण करा. तोंड अरुंद असलं म्हणजे डिझेल हिंदकळलं तरी मापात फारसा फरक पडत नाही.

२. इंजिनाला डिझेल नेणारी नळी मेकॅनिककडून या डब्याला जोडून घ्या. नोजलकडून उरलेलं डिझेल परत आणणारी नळीही याच डब्यात सोडा. ती मोठ्या टाकीत राहिली, तर न जळलेलं डिझेलही खर्चात धरलं जाईल.

३. डबा घट्ट बांधा आणि जवळ एक माणूस बसवा. बिडी-काडी दूर ठेवा. डबा रिकामा होऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडतं.

४. इंजिनाचे फेरे एका आकड्यावर, समजा १२०० वर, स्थिर ठेवा. अर्धा तास एका दिशेने जा आणि अर्धा तास त्याच रेषेवर उलट या. भरती-ओहोटीची ओढ एकदा मदत करते आणि एकदा अडवते. दोन्ही मिळून खरा वेग कळतो. अंतर जीपीएसवर पाहा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

५. तास भरला की नळ्या परत टाकीवर घ्या. डबा पुन्हा खुणेपर्यंत भरायला किती लिटर लागलं, ते वहीत लिहा.

हेच १५०० फेऱ्यांवर करा. ट्रॉलर असेल तर जाळं ओढताना वेगळं मोजा. तिथे बोट हळू चालते, पण इंजिनावर ताण मोठा असतो. डोलीची बोट असेल, तर जाळ्यावर थांबण्याचे तास वेगळे धरा.

हिशेब कसा मांडावा?

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. १२०० फेऱ्यांवर जाताना साडेतीन मैल झाले, येताना अडीच. तासात सहा मैल आणि डिझेल ९ लिटर. १५०० फेऱ्यांवर वेग सात मैल, डिझेल १६ लिटर. जाऊन-येऊन १२० मैल असतील, तर पहिल्या चालीने २० तास आणि १८० लिटर लागतील. दुसऱ्या चालीने सुमारे १७ तास आणि जवळजवळ २७५ लिटर. तीन तास वाचवण्यासाठी ९५ लिटर डिझेल जातं. बाजार गाठायचा असेल तर कधी ते परवडेलही, पण भाव बघून तांडेलाने ठरवावं.

आता जाळं ओढण्याचे ४० तास, ताशी ११ लिटरप्रमाणे ४४० लिटर. नांगरावर इंजिन चालू ठेवायला २० लिटर. एकूण ६४० लिटर. एवढंच घेऊन निघू नका. टाकीचे तीन वाटे करा. दोन वाटे खेपेला आणि तिसरा वाटा वारा, बिघाड किंवा दुसऱ्याची बोट ओढून आणण्याची वेळ आली तर, त्यासाठी. म्हणजे ९६० लिटर हवं. उरलेलं डिझेल वाया जात नाही, पुढच्या खेपेला कामी येतं.

टाकीच्या तळाचं डिझेल या हिशेबात धरू नका. तिथे पाणी आणि गाळ असतो. मोजण्याची काठीही स्वतः बनवा. टाकीत दहा-दहा लिटर ओतून काठीवर खुणा करा. टाकी चौकोनी नसेल तर अंदाजाच्या खुणा चुकतात. काठी नेहमी बोट सरळ उभी असतानाच बुडवा.

आकडा हाती असला की आणखी एक फायदा होतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागांची दिशा, अंतर आणि खोली कळवते. मैलाला आपलं दीड लिटर जातं हे ठाऊक असेल, तर तिथवर जाणं परवडतं की नाही, हे धक्क्यावरच ठरवता येतं.

दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. त्याच फेऱ्यांना ९ चे ११ लिटर झाले किंवा वेग घटला, तर बुडाला कालवं-शेवाळ धरलं आहे का, पंखा वाकला आहे का, फिल्टर तुंबला आहे का, नोजल बिघडलं आहे का, ते पाहा.

निघताना हा हिशेब घरी किंवा सोसायटीत सांगून जा. समुद्रात दर सहा तासांनी काठी बुडवा. दोन वाट्यांपैकी परतीपुरतंच डिझेल उरलं की मासळी कितीही लागो, बोटीचं तोंड घराकडे वळवा. अडचण आलीच, तर वायरलेसवर १६ नंबरच्या चॅनलवरून मदत मागा. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

नाखवांनो, एक डबा, एक काठी, एक वही आणि अर्धा दिवस, एवढ्यात हे काम होतं. या हंगामात ते करून बघा.