कर्ता कुठे गेला?



शाळेत आम्ही व्याकरण शिकलो ते सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेथे एके दिवशी नोटीस लागली : 'खालील कामगारांना कामावरून कमी करण्यात आले आहे.' खाली बावीस नावे. आम्ही साहेबांना विचारले, कमी कोणी केले? ते म्हणाले, 'वरून आदेश आला.' म्हणजे आदेशसुद्धा आपल्या पायांनी चालत आला! तेव्हापासून आम्हांला प्रयोगप्रकरणाचा नाद लागला आणि मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आम्ही रात्री जागून वाचले.

कर्मणि प्रयोग मुळात लबाड नाही. 'मालकाने नोटीस लावली' यात क्रियापद नोटिशीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पण मालक 'ने' लावून उघड उभा असतो. त्याला लपविण्याची सोय 'करण्यात आले', 'केले गेले' यांत आहे.

ही सोय एकट्या मराठीची नव्हे. लॅटिनमध्ये 'लाउदातुर' या एका शब्दात 'स्तुती केली जाते' एवढा अर्थ मावत असे. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज या तिच्या लेकींनी ते रूप टाकले आणि जोडक्रियापदांवर संसार मांडला. फ्रेंच 'असणे' वापरते. इटालियन 'येणे'ही वापरते, अगदी आपल्या 'करण्यात येते'सारखे. आणि 'जाणे' वापरले की अर्थ पुष्कळदा 'करायलाच हवे' असा होतो! गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेत घर विकायचे तर पाटीवर 'वेंदे-से' लिहितात. शब्दशः, 'स्वतःला विकते'. विकणारा पाटीआड.

आपल्याकडेही जुनी रूपे अशीच गेली. प्राकृतातून आलेली 'करिजे', 'बोलिजे' आता कोण म्हणतो? पण त्याच घरची 'म्हणजे' आणि 'पाहिजे' टिकली. 'पाहिजे' म्हणजे मुळात 'पाहिले जाते'. पुढे त्याचे 'हवे' झाले. 'मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत' अशी आरोळी ठोकताना ज्ञानेश्वरांच्या काळचे कर्मणि रूप आमच्या तोंडी आहे, हे आम्हांला काय ठाऊक!

आता आमचा स्वतःचा दोष सांगतो. त्या बावीस जणांसाठी केलेला संप एकेचाळिसाव्या दिवशी मोडला. इतिवृत्तात आम्ही लिहिले, 'संप मागे घेण्यात आला.' फाटकसभेत ते वाचले, तशा एक म्हाताऱ्या बाई उठल्या. त्यांचा मुलगा त्या यादीत होता. म्हणाल्या, 'कोनं घेतला जी? आमाले तं कोनं इचारलं नाही.'

आम्ही ती ओळ खोडली. 'संप आम्ही मागे घेतला' असे लिहून कार्यकारिणीची सातही नावे खाली घातली. पहिले आमचे होते. बाईंनी ती सगळी पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावली.