तक्रारीकडून मागणीकडे
(ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पितृपक्ष संपून घट बसले की ठाणे जिल्ह्यातील माणसाचे डोळे आभाळाकडे लागतात. शहरात पाऊस नकोसा झालेला असतो; मुरबाड-शहापूरच्या खाचरांत भात पिवळे पडलेले असते आणि परतीच्या सरीने ते आडवे होऊ नये एवढीच कष्टकऱ्याची इच्छा असते. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० साली २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. कापणीच्या तोंडाशी पाऊस रेंगाळतो हा शेतकऱ्याचा अनुभव अशा रीतीने सरकारी कागदावरही उमटला. पाऊस गेला की उकाडा येतो, चिखलाची धूळ होते आणि रस्त्यांतील खड्डे उघडे पडतात. शरद ऋतू कवींसाठी चांदण्याचा असेल. कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकासाठी तो तक्रारींचा ऋतू आहे.

या तक्रारी बोलल्या जात नाहीत असे मुळीच नाही. गाडीच्या डब्यात, सोसायटीच्या फाटकाशी, कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असताना, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर त्या मोकळेपणाने बोलल्या जातात. सगळे एकमेकांना ओळखतात. सकाळचे वर्तमानपत्र उघडण्यापूर्वीच बातमी घरोघर पोचलेली असते. परंतु बोलून मन हलके होते आणि तेथेच तक्रार विरते. तक्रार हे राजकारणाचे बीज आहे. ते रुजत का नाही, हा कार्यकर्त्यांपुढचा खरा प्रश्न आहे.

पहिले उदाहरण रेल्वेचे. देशातील पहिली प्रवासी गाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. त्याच मार्गावर ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकणारे प्रवासी धावत्या गाड्यांतून खाली पडले आणि किमान चौघांचे प्राण गेले. चार दिवस हळहळ झाली, स्वयंचलित दारांची घोषणा झाली, आणि गर्दी होती तशीच राहिली. याउलट २ जानेवारी २०१५ रोजी दिव्यात प्रवाशांचा संयम सुटला तेव्हा दगड फेकले गेले, मोटरमनला मारहाण झाली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले. कष्टकरी प्रवाशाचा राग कष्टकरी रेल्वे कामगारावर निघाला. वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ज्यांच्या हाती होते ते सुरक्षित राहिले. असंघटित संतापाची ही ठरलेली गती असते. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेला रेल्वे संप ज्यांना आठवतो, त्यांना संघटित असंतोष आणि हा उद्रेक यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीचे. २०१४ च्या जानेवारीत येथे हिरवट पाऊस पडला, २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा देशभर कुतूहलाने बातम्या छापल्या गेल्या. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटात बारा जण मरण पावले. चौकशी समितीचा अहवाल लोकांसमोर येण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. २०२२ साली दीडशेहून अधिक धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय जाहीर झाला. आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. दहाहून अधिक कामगार दगावले, काहींची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली.

येथे समाजवादी विचाराची कसोटी लागते. 'कारखाने हलवा' ही रहिवाशाची मागणी न्याय्य आहे. 'मग आमच्या रोजगाराचे काय?' हा कामगाराचा प्रश्नही तितकाच न्याय्य आहे. या दोघांना एकमेकांसमोर उभे केले की मालक आणि शासन दोघेही मोकळे सुटतात. वस्तुतः स्फोटात पहिला बळी जातो तो कामगाराचाच, आणि तो बहुधा कंत्राटी असतो. म्हणून मागणी एकच असली पाहिजे: तपासणीचे अहवाल जाहीर करा, घातक प्रक्रिया वस्तीपासून दूर न्या, आणि स्थलांतराच्या प्रत्येक आराखड्यात कामगाराची नोकरी व निवारा यांची हमी लिहून द्या. धोका येथून उचलून पाताळगंगेच्या गावकऱ्यांच्या दारात टाकणे हेही उत्तर नव्हे.

तिसरे उदाहरण घरांचे. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून उभारलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. अनधिकृत बांधकामाचे समर्थन कोणी करणार नाही. पण आयुष्याची पुंजी ओतून आणि बँकेचे कर्ज काढून घर घेणाऱ्याने नोंदणी पाहूनच विश्वास ठेवला होता. बनावट कागद ज्यांनी केला आणि ज्यांनी तो तपासला नाही, त्यांच्या आधी शिक्षा त्यांच्या गिऱ्हाइकाला व्हावी, हा कोणता न्याय?

काही सहानुभूतीदार म्हणतात की समाजवाद्यांनी गटार-नळाच्या राजकारणात अडकू नये. मोठे प्रश्न पुष्कळ आहेत. त्यांना मृणाल गोरे यांचे स्मरण करून द्यावे लागेल. गोरेगावच्या वस्त्यांतील पाण्यासाठी लढणारी ही स्त्री 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखली गेली, आणि १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या अग्रभागी तीच होती. नळ लहान नसतो. शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा या ऋतूत काठोकाठ भरलेली असतात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला! या एका नळामागे नगर आणि ग्राम यांच्या विषमतेचे सारे अर्थशास्त्र उभे आहे.

तक्रार घेऊन जायचे कोठे, हाही प्रश्न आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितले असताना पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. तेही काही जागी झालेच नाही, कारण उमेदवार बिनविरोध निवडून आले. जेथे तक्रारी एवढ्या आणि विरोधी उमेदवार एकही नाही, तेथे दोष केवळ सत्ताधाऱ्यांच्या पैशाचा आणि दडपणाचा नसतो. पर्याय उभा न करणाऱ्यांचाही असतो.

या समाजाला संघटना जमत नाही असे कोणी म्हणू नये. डोंबिवलीने २०१७ साली नव्वदावे साहित्य संमेलन भरवले. येथील गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इतर शहरांनी उचलली. शेकडो स्वयंसेवक, वर्गणीचा चोख हिशेब, वेळेचे भान हे सारे गुण येथे आहेत. उत्सवासाठी एकत्र येणारी माणसे हक्कासाठी एकत्र येत नाहीत, कारण तसे बोलावणारा त्यांच्या दारी जात नाही.

म्हणून मित्रहो, या हंगामातील काम साधे आहे. प्रत्येक प्रभागात कार्यकर्त्याने एक वही ठेवावी. तीत तक्रार, तिची तारीख, जबाबदार खाते आणि मिळालेले उत्तर लिहावे. एकाच प्रकारच्या तक्रारी असलेल्यांना एका खोलीत बसवावे; डोंबिवलीचा रहिवासी आणि कारखान्याचा कामगार, प्रवासी आणि रेल्वे कर्मचारी यांना तर आवर्जून. मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ सालच्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात आली आहे. ती सभा बोलावण्याची लेखी मागणी प्रत्येक नगरसेवकाकडे करावी आणि वही घेऊन तेथे जावे. दिवाळीच्या फराळाला घरोघर जाणे होतेच. त्या भेटींत वहीचे पहिले पान भरले, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी मागण्यांची यादी महापालिकेच्या दारात पोचलेली असेल आणि तिच्यामागे माणसे उभी असतील.