समुद्रपार जाणारे कापड
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, सारा जन्म शाळेत गणित व भूगोल शिकविण्यात घालविलेला मनुष्य. परदेशी व्यापाराविषयी मी काय सांगणार? परंतु आपल्या घराघरांतील तरुण आज टॉवेल, चादरी व तयार कपडे जहाजाने परदेशी धाडू लागले आहेत, आणि त्या वाटेवर आमच्या घराला एक ठेच लागली आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या म्हणीचा आपणांस उपयोग व्हावा, एवढ्यासाठी उभा आहे.

हा उद्योग आपल्याला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रंथात पैठणचा व तेरचा उल्लेख आहे. तेरचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरी जाई आणि तेथून गलबते ते पश्चिमेस नेत. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे ते लहानसे गाव दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या बाजारास ठाऊक होते.

त्या काळी गलबतात गठ्ठे भरीत. आज पोलादी पेटी भरतात. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या गृहस्थाने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या, आणि कंटेनरचे युग सुरू झाले. आपल्याकडे न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. सोलापूर-इचलकरंजीचा माल आता मालमोटारीने तेथे जातो व पुढे जहाजावर चढतो.

आता घरची गोष्ट. २०१८ सालच्या जुलैत माझ्या पुतण्याने वीस फुटी कंटेनर भरून टॉवेल युरोपात पाठविले. माझ्या निवृत्तीच्या पैशांतील दोन लाख रुपये त्यात होते. भरणीच्या दिवशी मी तेथे उभा होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. मी सहज एका टॉवेलवर हात ठेवला; तो गार व किंचित दमट लागला. खालच्या लाकडी फळ्याही ओल्या होत्या. परंतु मोटार खोळंबली होती, आणि तरुणांना आपल्यापेक्षा अधिक कळते असे समजून मी गप्प राहिलो.

महिन्याभराने तिकडून छायाचित्रे आली. टॉवेलांवर काळ्या बुरशीचे ठिपके होते. निम्म्याहून कमी रक्कम हाती आली. वर्षभर थोरल्या बंधूंच्या व माझ्या घरात धड बोलणे नव्हते. ज्याने मुलांना बाष्पीभवन व संघनन शिकविले, त्यानेच तो धडा वेळेवर आठवला नाही, हे शल्य मला अजून आहे.

घडले ते असे. सुती धागा हवेतील ओलावा धरून ठेवतो. बंद पेटी दिवसा उन्हाने तापते, तेव्हा माल, खोकी व लाकूड यांतील ओल वाफ होऊन वर जाते. रात्री पोलादी छत थंड झाले की त्याच वाफेचे थेंब होऊन मालावर पडतात. यास त्या धंद्यात कंटेनरमधील पाऊस म्हणतात. म्हणून माल पूर्ण वाळवावा, फळ्या कोरड्या असाव्यात, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या आत टांगाव्यात. रिकाम्या पेटीत उभे राहून बाहेरून दारे लावावयास सांगावी. कोठून उजेडाची तिरीप दिसली, तर तेथूनच पाणी शिरेल हे ओळखावे.

दुसरी चूक कागदाची. जहाजाची भरणपावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, ही नुसती पोच नव्हे. ती मालावरील हक्काची सनद आहे. तिच्या बहुधा तीन मूळ प्रती निघतात व एकीवर माल सुटला की उरलेल्या निरर्थक होतात. पुतण्याने त्या प्रती थेट ग्राहकास धाडल्या आणि पैसे साठ दिवसांनी घेण्याचे ठरविले. माल त्याच्या हाती गेला, मग आमच्या बोलण्यास वजन काय राहिले? पहिल्या व्यवहारात तरी कागद बँकेमार्फत पाठवावेत.

तिसरी गोष्ट विम्याची. आमचा विमा नव्हता. असता तरी माल मुळात दमट भरल्याची भरपाई बहुधा मिळाली नसती, कारण मालाचा अंगचा दोष व अपुरे बांधकाम सामान्यतः विम्यातून वगळलेले असतात. तथापि विमा अवश्य घ्यावा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्यानंतर मालकाने सामायिक हानी जाहीर केली, म्हणजे सुटकेच्या खर्चाचा वाटा ज्यांचा माल सुखरूप होता त्यांच्यावरही आला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली व युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. समुद्र कोणास वचन देत नाही.

एक हिशेबही सांगतो. थोडा माल इतरांच्या मालाबरोबर पाठविला, तर भाडे सामान्यतः घनमीटर किंवा टन, यांपैकी जे अधिक भरेल त्यावर पडते. ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे खोके ०.०९६ घनमीटर होते. अशी शंभर खोकी ९.६ घनमीटर झाली. प्रत्येकी वजन १२ किलो धरले, तर एकूण सव्वा टनही होत नाही. तरी भाडे ९.६ चे. टॉवेल फुगीर, म्हणून दाबून बांधण्यात पैसा वाचतो.

आमच्या घरी पुन्हा बोलणे सुरू झाले ते वहिनींमुळे. त्यांनी पुतण्यास माझ्याकडे पाठविले आणि आम्ही दोघांनी पाटीवर लिहावे तसे सारे चुकलेले उदाहरण पुन्हा सोडविले. आता त्याची प्रत्येक भरणी मी जातीने पाहतो, आणि टॉवेलवर हात ठेवल्याशिवाय दार लावू देत नाही.

तरुणांनो, धाडस अवश्य करा. पण वडीलधाऱ्यांना विचारा. आणि वडीलधाऱ्यांनो, आपल्याला काही खटकले तर मोटार खोळंबली तरी बोला. माझ्या दोन लाखांत मी एवढेच शिकलो. ते आपणांस विनामूल्य देऊन आपली रजा घेतो.